अनुक्रमांक चारशे सतरा

ग्रिम्सबीत पहाटेचे साडेचार,
म्हणजे आमच्या तालुक्याला सकाळचे दहा.
तहसील कचेरीत मोजणीला बसले असतील.
मी लॅबमध्ये एकटी.
काचपट्टीवर कुणाच्या तरी रक्ताचा थेंब,
त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिट, मग लाल.
स्पिरिट लागताच रंग सोडतात ते जंतू एका गटातले,
धरून बसतात ते दुसऱ्या.
या रीतीला ग्राम म्हणतात.
डॅनिश डॉक्टरचं आडनाव आहे ते,
पण मला मेलीला
रोज रात्री फुकटची पंचायत.
आज हातमोजा फाटका निघाला.

वॉर्ड तीन.
एकीकडे आमचा पोपटदादा, चुलत्याचा, निशाणी कपाट.
समोर मुलाणी सरांची जुबेदा, निशाणी शिट्टी.
सरांनी माझा स्कॉलरशिपचा फॉर्म
आपल्या पेनानं भरला होता, दोनदा,
कारण पहिल्यावर मी चहा सांडला.
पोपटदादानं जीपमधून विमानतळापर्यंत सोडलं,
वाटेत एकदाही विचारलं नाही
परत कधी येणार.
बारा दिवस हा प्रश्न डब्यात घालून आणतेय,
आणि न उघडता घरी नेतेय.

बरं झालं तू इथं नाहीस, आई म्हणाली,
असतीस तर कुणाच्या तरी ओट्यावरून उठावं लागलं असतं.

इथलं मतदान मे महिन्यात झालं.
स्काउटांच्या हॉलबाहेर कुणाचं तरी कुत्रं बांधलेलं,
आत एक बाई पट्टी धरून नावं खोडत होती.
मी तीन सिंहांचा पासपोर्ट दाखवला.
ज्याच्यावर गाव सोडलं त्याच्यावरच इथं मत मिळतं.
तिनं माझं आडनाव तिच्या परीनं उच्चारलं
आणि कागद दिला.
दोरीला बांधलेली पेन्सिल, बोथट.
पेन्सिल!
मी मागं वळून पाहिलं,
कुणी खोडरबर घेऊन उभं नाही ना.
बोटाला काही लावलं नाही.
बाहेर आले तेव्हा मी मत दिल्याचा
माझ्याजवळच पुरावा नव्हता.
प्रचाराला एकच आला होता,
हिरव्या रेनकोटातला म्हातारा.
खड्ड्यांबद्दल बोलला, कचऱ्याच्या डब्यांबद्दल.
जेवलात का विचारलं तर घाबरला.

पाच वाजून दहा. धाकट्याचा फोन, मागं गलका.
'दोनशे चौदा, दोनशे चौदा! सारखी!'
चिठ्ठ्या टाकल्या.
शिपायाच्या नातीनं, पहिलीतल्या, डोळे मिटून उचलली.
'कपाट!' त्याच्या आवाजात गुलाल.
'आणि तुझंपण झालं बरं का.'
'काय?'
'मत.'

रेशनकार्डावरचं नाव लग्नाच्या महिन्यातच कमी केलं बाबांनी,
साखरेचा प्रश्न होता.
मतदार यादीत मी अजून आहे,
अनुक्रमांक चारशे सतरा,
बाबांचं नाव, दोन वेण्यांचा फोटो.
कोण गेली असेल त्या वेण्या घालून?
तिला कुणी शिकवलं माझी सही करायला?
'कुणाला दिलं मी?'
तो थोडा थांबला.
'मतदान गुप्त असतं, ताई.'

एक मत काढलं
की चिठ्ठी उरत नाही, ती पोरगी उरत नाही,
कुणीतरी सरळ जिंकतं, कुणीतरी सरळ हरतं.
कुणाच्या खात्यातून काढायचं तेवढं कळायला हवं.
मला कळलंय.
आवाजातला गुलाल लपत नाही.

हातमोजा काढला.
डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला
नखाच्या मुळापर्यंत जांभळं.
साबणानं जात नाही. घासलं तर पसरतं.

सातला सुटले. गोदीकडून माशांचा वास,
बसथांब्यावर एक सीगल चिप्सचा कागद ओढतोय.
दर रविवारी शिफ्ट संपली की
मी मुलाणी सरांना फोन लावते.
आज मंगळवार आहे.
तेवढं कारण पुरेल.